बारा गाठींचा माणूस

सरांच्या लूनाचा आवाज आमच्या गेटाशी आला की मी लिहिता लिहिता थांबायची. भंडाऱ्यात तेव्हा लूना काही कमी नव्हत्या. पण ही फाटक्या सायलेन्सरची, खोकत येणारी लूना मी पेशंट तपासत असतानासुद्धा ओळखायची. सरांचा नियमच तसा होता. रिपोर्ट चांगला असला तर त्यांच्या लॅबमधला माणूस सायकलवरून येऊन काउंटरवर टाकून जायचा. वाईट असला तर सर स्वतः यायचे. "वाईट बातमी कोनाच्या हाती धाडायची नसते मॅडम," म्हणायचे. "तिच्यासंगं जावं लागते."

बरं, आले, दिला आणि गेले असंही नाही. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसायचे. मी नातेवाइकांना बोलावेपर्यंत हलायचे नाहीत. बाहेर ओपीडीची रांग तुंबलेली, आत हे ठाण मांडून. "सर, मी सांगते ना त्यांना," म्हटलं तर म्हणायचे, "तुम्ही घाईत सांगता." खरंच होतं ते. पण तोंडावर म्हटलं की राग येतो की नाही? मी जात्याच भांडकुदळ, आणि सर माझ्याहून चार पावलं पुढे. आमची भांडणं वॉर्डातल्या पेशंटना पाठ होती.

मी सर्जन. लग्न होऊन नागपूरहून भंडाऱ्याला आले आणि नवऱ्याच्या जोडीनं लहानसं हॉस्पिटल काढलं. गोंदिया नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. सर पॅथॉलॉजिस्ट. म्हणजे आम्ही कापून काढलेलं सगळं ज्यांच्याकडे जातं आणि ते नेमकं काय आहे हे जे सांगतात, ते. बसस्टँडमागच्या गल्लीत दोन खोल्यांची लॅब. एकटा जीव, लग्न केलेलं नाही. जिल्हा तुटल्यावरही गोंदियाकडचे नमुने त्यांच्याकडे यायचेच. त्यावर कोणी काही बोललं तर म्हणायचे, "जिल्हा सरकारनं तोडला. आतडी कोनी तोडली?"

गावातले आम्ही डॉक्टर त्यांना पाठीमागे 'बारा डॉक्टर' म्हणायचो. हसायचोही. त्यांच्याकडे मोठ्या आतड्याचा कॅन्सर गेला की पहिला फोन ठरलेला: "बारा झाल्या नाहीत अजून. थांबा." आतड्याला लागून चरबीचा पडदा असतो, आणि त्या चरबीत लहान लहान गाठी असतात. कॅन्सरच्या नव्हेत, देवाच्या. प्रत्येकाच्या पोटात असतात. पण कॅन्सर आतड्याची भिंत सोडून पुढे निघाला की बहुतेक आधी या गाठींमध्ये शिरतो. तो तिथं पोचला आहे की नाही, यावर तो माणूस पुढे किती जगेल याचा अंदाज बांधता येतो. गाठी साफ असल्या तर पुष्कळांचं नुसत्या ऑपरेशनवर भागतं. त्यात शिरला असेल तर नागपूरला पाठवून सलाइनमधून औषध द्यायचं, आणि तेही वेळेत. किमान बारा गाठी तरी तपासाव्यात असं पुस्तक सांगतं. कमी तपासल्या आणि साफ निघाल्या तर ते साफ असणं खरं किती, कोण सांगणार?

सर ते पुस्तक बोटांनी वाचायचे. चरबी टेबलावर पसरायची, हातमोजे काढायचे, डोळे मिटायचे आणि चिमटीत धरून दाबत दाबत पुढे जायचं. तुरीच्या डाळीतले खडे निवडतात तसं. मसुराएवढी गाठसुद्धा सुटायची नाही. मोजे घाला म्हणून मी किती वेळा कानीकपाळी ओरडले असेन! "हातमोजा आंधळा असते मॅडम." फॉर्मॅलिन म्हणजे नमुना कुजू नये म्हणून ज्यात बुडवून ठेवतात ते डोळ्यांना झोंबणारं पाणी. त्यानं त्यांच्या बोटांची कातडी तपकिरी आणि टणक झाली होती. बोटांना वास कायमचा. लग्नाच्या पंगतीत सरांच्या शेजारची जागा नेहमी रिकामी असायची, आणि ते कळूनही ते मजेत जेवायचे. सवय मात्र सुटायची नाही. बोलता बोलता वाटाण्याच्या शेंगा चाचपायचे, आमच्या मीटिंगमध्ये टेबलक्लॉथची किनार दोन बोटांत धरून पुढे पुढे सरकवत राहायचे. काय शोधत असतील देव जाणे.

आमची पहिली चकमक झाली ती एकोडीच्या एका शेतकऱ्यापायी. धिप्पाड माणूस, पोटात गाठ घेऊन आलेला. ऑपरेशन छान झालं, मी खुशीत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सर बरणी घेऊन दारात.

"चरबी कुठं आहे?"

"आत असेल ना."

"आत आतडं आहे. एकदम चकचकीत. चरबी कुठं आहे?"

मी थिएटरमधल्या मावशींना हाक मारली. मावशी आल्या त्या कौतुकाच्या अपेक्षेनं. "बरणी लहान पडून राहिली होती न मॅडम. मंग मी सारी चरबी काढून, धुऊन, मस्त साफ करून देल्ली." रविवारी घरी मटण साफ करावं तसं त्यांनी ते आतडं साफ केलं होतं.  आता हे मावशींवर आग पाखडणार म्हणून मी मधे पडायच्या तयारीत होते, तर सरांनी फक्त विचारलं, "कुठं टाकली, मावशी?" आणि जाळायला ठेवलेल्या बादल्यांपाशी, हॉस्पिटलच्या मागच्या अंगणात, उकिडवे बसले. पांढरा सदरा, पॉलिश केलेल्या चपला, आणि हा माणूस कोपरापर्यंत बादलीत. मावशी पदराआड तोंड लपवून रडायला लागल्या. "रडू नोको माय," सर वर न पाहता म्हणाले, "तुह्या हाताची सफाई मोठी आहे. तुकडा अखंड सापडला."

त्या तुकड्यात गाठी निघाल्या आणि त्यांत कॅन्सर निघाला. लूना आली. सर त्या शेतकऱ्याच्या खाटेवर बसले. आमच्याकडे धानाच्या शेताच्या तुकड्याला बांधी म्हणतात आणि तिच्या बांधाला धुरा.

"वरच्या बांधीत कडाकरपा आला तं तुमी काय पाह्यता?"

"खालची बांधी पाह्यतो जी."

"काहून?"

"पानी तिकडंच उतरते ना."

"हां. तुमचा रोग खालच्या बांधीत उतरला आहे. पन पुढच्या शेतात नाही गेला अजून. आता धुरा बांधून घ्याचा. नागपूरले जा आन् औषध घ्या. मधात सोडू नोका."

मी अर्धा तास इंग्रजी-मराठीत जे सांगितलं असतं ते त्या माणसाला एवढ्यात कळलं. तो नागपूरला गेला, सगळं औषध घेतलं. अजून आहे. अजून दरवर्षी नवा तांदूळ घेऊन येतो आणि सरांची आठवण काढतो. मला ते ऐकवत नाही.

त्यानंतर सरांनी गावभर रुंद तोंडाच्या बरण्या वाटल्या. लूनाच्या पायाशी बरण्यांचा ढीग रचायचा आणि एकेका हॉस्पिटलात जाऊन सिस्टरच्या हातात द्यायच्या. "बरणी आतड्याच्या मापाची पाह्यजे. आतडं बरणीच्या मापाचं करू नका." तरी नमुने कसकसे यायचे! एकदा नाकाडोंगरीचे दोघे भाऊ बापाचा नमुना डब्यात घालून एसटीनं निघाले. झाकण सैल. फॉर्मॅलिननं गाडीतल्या लोकांचे डोळे वाहायला लागले तसा कंडक्टरनं विचारलं, डब्यात काय आहे? धाकटा खरं बोलून गेला, "बाबाचं आतडं." तुमसरला दोघांना खाली उतरवलं. त्यांनी ते झोंबरं पाणी गटारात ओतलं, डबा नळाखाली धुतला आणि मासोळीवाल्याकडून बर्फ मागून वर रचला. लॅबमध्ये पोचले ते चिंब. सरांनी डबा उघडून पाहिला, त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बर्फ टाकला ते मात्र डोकं चालवलं." मग मला फोन करून, पेशंट माझा नसतानाही, यथेच्छ झापलं. सर्जन म्हणून जी काय जात आहे तिची मी एकटीच प्रतिनिधी असल्यासारखं.

या माणसाला दटावणारं जगात एकच माणूस होतं. त्यांची थोरली बहीण. सर त्यांना 'बाई' म्हणायचे, म्हणून आम्ही सगळेच बाई म्हणायचो. दिघोरीला राहायच्या. छप्पन साली वडील नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले तेव्हा बाई पोरसवदा होत्या आणि सर अजून जन्मायचे होते. सर झाले आणि आई गेली. पुढे वडीलही गेले. बाईंनी लोकांच्या बांध्यांत धानाची रोवणी करून, कापणी करून भावाला शिकवलं. नागपूरच्या होस्टेलवर तांदूळ पाठवायच्या. स्वतः लग्न करून घर मांडलं ते भाऊ डॉक्टर झाल्यावर, उशिरा. नवरा लवकर वारला, मूलबाळ नाही. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण भावाच्या पाटीवरचं नाव ओळखायच्या. पाटीपाशी थांबून पदरानं ती पुसायच्या आणि मग आत जायच्या.

बाई भंडाऱ्याला आल्या की सर माणसांत यायचे. दुपारी घरी जेवायला जायचे. एकदा मी सोबत होते. बाई चुलीपाशी. भाऊ दारात येताच न वळता म्हणाल्या, "हात धुतला का रे, बापू?"

"धुतला."

"आन इकडं."

आणि जिल्ह्यातले सगळे सर्जन ज्यांना टरकून असत ते सर शाळकरी पोरासारखे हात पुढे करून उभे. बाईंनी बोटं नाकाशी धरली. "अजून येऊन राहिला वास. लिंबू घास." सर गेले, लिंबू घासून आले. पुन्हा हात पुढे. "अजून येते. राख घे." मी हसून हसून बेजार. तिसऱ्यांदा पास झाल्यावर ताट वाढलं. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मेलेल्याजित्याचं चिवडते दिवसभर. तसाच जेवाले बसते. मी नसली का कोन पाह्यते याचे हात?" सर खाली मान घालून भात कालवत होते. तेव्हा ते हसत नव्हते. हसणारे नव्हतेच ते. कधीतरी मिशीत काहीतरी हलायचं, तेवढंच.

असा माणूस, ज्याच्या बोटांना मसुराएवढी गाठ कळायची, त्याला आपली बहीण पांढरीफटक पडत चालली आहे हे कळलं नाही. बाई दमायला लागल्या होत्या. धुऱ्यावर बसून राहायच्या. "उमर झाली आता," म्हणायच्या. एकदा आमच्याकडे तांदूळ द्यायला आल्या आणि पायरीवरच बसल्या. मी आत नेऊन तपासलं. पापणी ओढली तर आत रक्ताचा थेंब नाही. पोटावर हात ठेवला, उजवीकडे खाली लिंबाएवढं कठीण लागलं. ते बोटांना लागलं तेव्हा मला पहिल्यांदा सरांचा चेहरा आठवला. मी स्वतः चालत लॅबमध्ये गेले. त्यांनी मला दारात पाहिलं आणि मायक्रोस्कोप बंद केला.

ऑपरेशन मीच केलं. सर बाहेर बाकावर बसून होते. मी मुद्दाम भरपूर चरबी घेतली, अगदी रक्तवाहिनीच्या मुळापर्यंत. त्यांच्याच रुंद बरणीत घालून बाहेर आणली आणि म्हटलं, "सर, ही नागपूरला पाठवू."

"काहून?"

"तुमची बहीण आहे."

"म्हणूनच. माह्या बाईचं दुसरा कोन पाहीन?"

"अहो, म्हणूनच दुसऱ्यानं पाहावं!"

त्यांनी बरणी घेतली, लूनाच्या पायाशी दोन पावलांत धरली आणि गेले. त्यांच्यापुढे कोणाचं चाललं होतं?

रिपोर्ट सायकलवर आला.

मला अजून आठवतं, त्या माणसानं काउंटरवर पाकीट टाकलं आणि मी सिस्टरला मिठीच मारली. लूना नाही, सायकल! गाठी साफ. मग खाली बसून नीट वाचलं. तपासलेल्या गाठी: सात.

मी फोन लावला. "सर, सातच?"

"सात सापडल्या. सातही साफ आहेत."

"पण बारा..."

"वय झालेल्या माणसात कमी असतात मॅडम. तुम्हाला माहीत नाही काय?"

माहीत होतं. हेच कारण मी एकदा त्यांना दिलं होतं तेव्हा, "गाठी कमी नसतात, शोधणाऱ्याचा धीर कमी असते," असं म्हणून त्यांनी फोन आपटला होता. मी म्हटलं, उरलेली चरबी नागपूरला पाठवा, तिथं बघतील. म्हणाले, पाठवतो. मी म्हटलं, पाठवेपर्यंत असं धरून चालू की कमी सापडल्या आहेत, आपण औषध देऊनच टाकू. तर माझ्यावर उखडले. "कायले तिचे हाल करता? रोवणी आली तिची." मग मी बाईंनाच सगळं समजावून सांगितलं. गाठी कमी मिळाल्या आहेत, शंका आहे, औषध घेतलेलं बरं. बाईंनी शांतपणे ऐकलं. "बापूनं पाह्यलं ना?" "हो." "मंग झालं. बापू सांगते तसं."

त्या वर्षी सर बदलले. सर हसायला लागले! आधी मला वाटलं दात दुखतो आहे. रोवणीच्या दिवसांत लॅब बंद ठेवून दिघोरीला गेले आणि धुऱ्यावर छत्री घेऊन बसले, असं तिकडचे पेशंट येऊन सांगायचे. आमच्याकडे येऊन विनोद सांगायचे, भिकार विनोद, आणि स्वतःच हसायचे. मावशींना म्हणाले, "माय, एकदा मटण खाऊ घाल तुह्या हातचं." सगळं गाव खूश होतं. बारा डॉक्टर माणसात आला म्हणायचे. मीही खूश होते. एकच गोष्ट मला खटकायची. दुसऱ्यांचे नमुने आले की ते पूर्वीपेक्षाही जास्त शोधायला लागले होते. बारा झाल्या तरी थांबत नव्हते, वीस झाल्या तरी नाही. रिपोर्टला उशीर होतो म्हणून आम्ही ओरडायचो. नागपूरला चरबी पाठवली का, असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा विनोद सांगितला.

पुढच्या पावसाळ्यात बाई आल्या त्या पिवळे डोळे घेऊन. सोनोग्राफीत लिव्हरभर डाग. मी पडद्याकडे बघत राहिले. बाई पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना वॉर्डात झोपवलं आणि गाडी काढली. फोन करता आला असता. पण वाईट बातमीसंगं जावं लागतं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

माझ्या गाडीचा आवाज त्यांना ओळखू आला असावा. मी आत गेले तर उभेच होते. मला पाहून त्यांनी कपाटावरून बरणी खाली काढली. रुंद तोंडाची, वर त्यांच्याच अक्षरात बाईंचं नाव. बाकीचे नमुने ते वेळच्या वेळी जाळायला देत. ही त्यांनी पाठवलीही नव्हती, टाकलीही नव्हती.

"सर, आता कशाला?"

"बसा."

मोजे काढले. चरबी पसरली. डोळे मिटले नाहीत. इकडेतिकडे चाचपलंही नाही. त्यांचा हात सरळ मुळाशी गेला, जिथं मी रक्तवाहिनी बांधली होती तिथं, आणि थांबला. दोन बोटांत त्यांनी ती गाठ धरली. सुरीनं मधोमध कापली. आत पांढरट, करकरीत. मायक्रोस्कोपची गरज नव्हती. मलासुद्धा कळलं.

"दुसऱ्यांचं मी इथूनच सुरू करतो," सर म्हणाले. "नेहमी. बाईचं दुसऱ्या टोकाकडून सुरू केलं. करत करत इथं आलो. बोटाला लागली होती मॅडम. लागली होती. मी हात काढून घेतला."

 मला संताप आला, भयंकर आला. एवढा मोठा आला की त्याला शब्द सापडेनात. आणि त्यांच्या बोटांकडे पाहिलं तेव्हा तो कुठे ठेवावा हेही कळेना. औषध दिलं असतं तर बाई वाचल्या असत्या का? खरं सांगायचं तर कोणी छातीठोक सांगू शकत नाही. मुळाशी पोचलेला कॅन्सर औषध घेऊनही काहींमध्ये परत येतो. काहींमध्ये येत नाही. एकोडीचा माणूस तांदूळ घेऊन येतो ना. बाईंच्या वाट्याला ती संधी होती आणि ती दिली गेली नाही, एवढंच मला माहीत आहे. सरांनाही तेवढंच माहीत होतं आणि ते त्यांना उरलेलं आयुष्यभर पुरलं.

बाई धान कापणीला यायच्या आत गेल्या. त्यानंतर सरांनी लॅब काही दिवस चालवली, पण आतड्याचा नमुना आला की हात न लावता नागपूरला रवाना करायचे. हसणं तर बंदच झालं. मग लॅब बंद करून दिघोरीला बाईंच्या घरात राहायला गेले. मी अधूनमधून जायची. ओसरीवर बसलेले असायचे, मांडीवर धोतराचा सोगा, आणि त्याची किनार बोटांत धरून पुढे पुढे सरकवत असायचे. तिथंच गेले. त्यालाही आता वर्षं झाली. त्यांच्याइतका शोधणारा मी पुन्हा पाहिला नाही, आणि त्यांच्याइतकी चूक करणाराही नाही. दोन्ही एकाच माणसात होतं, हे माझ्या अजून घशाखाली उतरत नाही.

पण मला सांगायचं आहे ते बाई वॉर्डात असतानाचं, दुरुस्त केलेल्या रिपोर्टच्या दिवसाचं. गाठीची काचपट्टी तयार करून, पाहून, सरांनी नवा रिपोर्ट लिहिला. मी म्हटलं होतं, त्याचा आता कोणाला उपयोग नाही. तर म्हणाले, "चूक होता ना तो? मंग दुरुस्त नको करायला?" दुपारी गेटाशी लूना खोकली. मी खिडकीतून पाहिलं. सर लूना स्टँडवर लावून तसेच तिला धरून उभे होते. बऱ्याच वेळानं आत आले. माझ्याकडे न येता सरळ बाईंच्या खाटेपाशी गेले. मी मागोमाग.

मावशींनी बाईंसाठी भात आणला होता. बाई खात नव्हत्या, पण ताटलीत दुसऱ्या कोणासाठी तरी वाढून ठेवला होता. सर खाटेच्या टोकाशी उभे. कागद हातात.  "बाई, तुह्या गाठी..."

"हात धुतला का रे, बापू?"

सरांनी कागद खाली घेतला.

"जेवला नाही तू. तोंडावरून दिसून राहिलं. जा, हात धुऊन ये आधी."

ते गेले. वऱ्हांड्यातल्या बेसिनचा नळ सुरू झाल्याचा आवाज आला. बाईंनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी खोल गेला होता.

"त्याले वाटते मले मालूम नाही."

"काय, बाई?"

"गेल्या सालीच समजलं मले. हासत आला ना तो. लहान होता तवा एक डाव नापास झाला होता. सारे पोट्टे रडत आले, हा हासत हासत घरी आला. दोन दिवस हासत होता. तवापासून मले मालूम आहे, बापू हासला का काही तरी झालं."

 "मग तुम्ही बोलला का नाही? औषध घेतलं असतं, बाई!"

"बोलली असती तं त्याले कबूल करा लागलं असतं." त्या थांबल्या, दम खाल्ला. "आन् धुऱ्यावर येऊन बसला ना माह्यासंगं. डॉक्टर झाल्यापासून कधी बसला नव्हता. त्याले नोको सांगजो, माय."

मी नाही सांगितलं. दिघोरीच्या ओसरीवर कितीदा ओठांवर आलं. सांगितलं असतं तर त्यांचं ओझं हलकं झालं असतं की त्याखाली ते मोडलेच असते, याचा मी आजही विचार करते आणि आजही मला ठरवता येत नाही. बाईंनी नको म्हटलं होतं. त्यांचं म्हणणं मोडण्याची माझी छाती झाली नाही.

नळ बंद झाला. सर ओले हात घेऊन आले. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. कागद कुठेतरी ठेवून आले होते किंवा पडला होता. खाटेपाशी येऊन त्यांनी सवयीनं दोन्ही हात पुढे केले आणि मान खाली घालून उभे राहिले. आता परत पाठवणार, लिंबू आण म्हणणार, राख घे म्हणणार, याची वाट पाहत.

बाईंनी ती तपकिरी बोटं धरली आणि नाकाशी नेली. बराच वेळ तशीच धरून ठेवली. फॉर्मॅलिनचा वास मला दाराशी उभी असतानाही येत होता, डोळ्यांना झोंबत होता.

"नाही येत वास," बाई म्हणाल्या. "साफ आहेत. बस, जेव."